जेवायला किती वाजता बसायचे?

गेल्या वर्षी जून महिन्यात भाच्याकडे ऑस्लोला गेलो होतो. शेजारच्या नॉर्वेजियन जोडप्याने आम्हाला जेवायला बोलावले. निरोपात वेळ होती दुपारी साडेचारची. चहा-बिस्किटाचे आमंत्रण असेल असे समजून मी दुपारी घरी वरण-भात हाणला आणि निर्धास्तपणे त्यांच्याकडे गेलो. टेबलावर उकडलेले बटाटे, मासा, गाजरे आणि पातळ सॉस असे अख्खे जेवण मांडलेले होते. यजमान नुकतेच कचेरीतून परतलेले, मुले शाळेतून आलेली, आणि सगळे खरोखर भुकेले. मी मात्र घासाघासाला पाणी पीत होतो.

सहाच्या सुमारास जेवण आटोपले. भांडी यंत्रात गेली, मुले सायकली घेऊन बाहेर पळाली. रात्री नऊ वाजता, बाहेर अजून लख्ख ऊन असताना, मला भूक लागली. भाचा हसला आणि म्हणाला, ‘‘मामा, आता फक्त दोन ब्रेड मिळतील. इथे रात्रीचा स्वयंपाक कुणी करत नाही.’’

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एक बाई तपासणीसाठी आल्या. वय बावन्न, मुंबईत नोकरी, राहायला डोंबिवलीच्या पुढे. मधुमेह सहा वर्षांपासून. गोळ्या वेळेवर, गोड बंद, तरीही सकाळची उपाशीपोटीची साखर काही केल्या उतरत नव्हती. मी सवयीने आहाराचा छापील कागद पुढे केला. त्यावर वर्षानुवर्षे एक ओळ आहे : ‘रात्रीचे जेवण ८ वाजता.’ बाईंनी कागदावर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, आठ वाजता मी गाडीत असते.’’

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितो आहे. आपण आहाराबद्दल बोलतो तेव्हा ताटात काय आहे एवढेच बोलतो. भात की भाकरी, तूप की तेल, साखर की गूळ. पण देशोदेशीच्या जेवणात पदार्थांइतकाच मोठा फरक वेळेचा असतो, आणि त्या वेळेचा आपल्या रक्तातील साखरेशी, वजनाशी, झोपेशी संबंध असतो, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील संशोधनाने बऱ्यापैकी स्पष्ट केले आहे.

नॉर्वे : दिवस संपण्याआधी जेवण

नॉर्वेतील कामाचा दिवस साधारण सकाळी आठ ते दुपारी चार. दुपारी अकरा-साडेअकराला अर्ध्या तासाची सुट्टी. तेव्हा बहुतेक लोक घरून आणलेला डबा खातात. त्याला ते ‘मातपाक्के’ म्हणतात, म्हणजे शब्दशः खाण्याची पुरचुंडी. पावाचे तीन-चार काप, प्रत्येकावर चीज किंवा मांसाचा पातळ तुकडा, कापांच्या मध्ये कागद आणि वरून पुन्हा कागदाची घडी. गरम नाही, चमचमीत नाही. मंत्र्यापासून सुतारापर्यंत हेच खाणार आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

दिवसाचे मुख्य आणि बहुधा एकमेव गरम जेवण म्हणजे ‘मिद्दाग’. या शब्दाचा मूळ अर्थ ‘मध्यान्ह’. पूर्वी शेतकरी कुटुंबे ते खरोखर दुपारी घेत. कारखाने आणि कचेऱ्या आल्या, दुपारी घरी येणे अशक्य झाले आणि जेवण सरकत सरकत चार-पाच वाजेपर्यंत आले. नाव मात्र दुपारचेच राहिले. त्यानंतर रात्री आठ-नऊला ‘क्वेल्समात’, म्हणजे संध्याकाळचे खाणे : पुन्हा पावाचे एक-दोन काप.

ही शिस्त आकाशातून पडलेली नाही. चार वाजता काम संपते, घर फार लांब नसते, पाळणाघर साडेचार-पाचला बंद होते, म्हणून आई-वडील दोघेही त्या वेळी घरी असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्ल शित्झ या शाळा-वैद्यांनी ऑस्लोच्या मुलांसाठी पाव, दूध, चीज, फळ किंवा गाजर अशी थंड न्याहारी सुरू केली. ‘ऑस्लो न्याहारी’ म्हणून ती गाजली आणि थंड, साध्या, झटपट खाण्याची सवय पिढ्यांमध्ये मुरली. जेवणाची वेळ ही अशी समाजाच्या घड्याळातून तयार होते.

स्पेन : चुकीच्या घड्याळावर चालणारा देश

आता युरोपच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. माद्रिदमध्ये संध्याकाळी साडेसातला उपाहारगृहात जेवण मागितले तर बहुधा स्वयंपाकघर अजून बंद असते. तिथे दुपारचे जेवण, ‘कोमिदा’, दोन ते साडेतीनच्या दरम्यान आणि रात्रीचे, ‘थेना’, नऊ ते साडेदहाच्या दरम्यान. उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. दूरचित्रवाणीचे मुख्य कार्यक्रम रात्री दहानंतर सुरू होतात.

स्पॅनिश माणूस मुळातच निशाचर, असे पर्यटक गमतीने म्हणतात. खरे कारण बऱ्याच अंशी घड्याळात आहे. नकाशा पाहिला तर माद्रिद लंडनच्याही पश्चिमेला आहे. त्यामुळे स्पेनचे घड्याळ ग्रीनिचप्रमाणे चालत होते, तेच बरोबर होते. मार्च १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीने ते एक तास पुढे ढकलून जर्मनीच्या वेळेशी जुळवले. युद्ध संपले, फ्रँको गेला, पण घड्याळ मागे आले नाही. त्यावर उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. परिणाम असा की उन्हाळ्यात माद्रिदमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमारास. म्हणजे अडीच वाजता जेवणारा स्पॅनिश माणूस सूर्याच्या हिशेबाने भर मध्यान्हीच जेवत असतो. पोट सूर्याचे ऐकते, घड्याळ सरकारचे.

पण कचेऱ्या घड्याळावर उघडतात. सकाळी नऊ ते दोन, मग लांब सुट्टी, मग पुन्हा संध्याकाळी सात-आठपर्यंत काम. दुपारची ती प्रसिद्ध झोप आता बहुतेकांच्या नशिबी नसते, उशिरा सुटणारी कचेरी मात्र असते. २०१३ मध्ये तिथल्या संसदीय समितीने घड्याळ पुन्हा ग्रीनिचला जुळवण्याची शिफारस केली. २०२४ मध्ये कामगारमंत्री योलांदा दियास यांनी रात्री एक वाजेपर्यंत उपाहारगृहे उघडी ठेवणाऱ्या देशाच्या वेळापत्रकाबद्दल जाहीर प्रश्न विचारला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. जेवणाच्या वेळेला हात लावणे म्हणजे माणसाच्या घरात हात घालणे, याचा अनुभव त्यांना आला.

उशिरा जेवल्याने नेमके काय होते?

याच देशातील मुर्सिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्ता गारौलेत यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजन कमी करण्याच्या २० आठवड्यांच्या कार्यक्रमातील ४२० जणांचे त्यांनी दोन गट पाडले. दुपारचे मुख्य जेवण तीनच्या आधी घेणारे आणि तीननंतर घेणारे. दोन्ही गटांचे उष्मांक जवळपास सारखे, झोप सारखी. तरीही लवकर जेवणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे १० किलोने कमी झाले, उशिरा जेवणाऱ्यांचे पावणेआठ किलोच्या आसपास.

असे का व्हावे? आपल्या मेंदूत एक मुख्य घड्याळ असते. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर ते रोज जुळवले जाते. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी, चरबीच्या पेशी या प्रत्येकात स्वतंत्र घड्याळे असतात. या घड्याळांमागची जनुके आणि त्यांचे काम उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. अवयवांची ही घड्याळे उजेडापेक्षा अन्नावर जास्त जुळतात. उंदीर रात्री खाणारा प्राणी. त्याला फक्त दिवसा खायला दिले, तर काही दिवसांत यकृताचे घड्याळ उलटे होते, मेंदूचे मात्र जागच्या जागी राहते. एकाच शरीरात दोन वेळा चालू राहतात, जणू घरात अर्धी माणसे मुंबईच्या वेळेवर आणि अर्धी लंडनच्या.

माणसाच्या बाबतीत मुख्य अडचण इन्सुलिनची. सकाळी आणि दुपारी इन्सुलिन जोमाने काम करते, संध्याकाळनंतर त्याचा जोर ओसरतो. शिवाय झोपेची वेळ जवळ आली की मेलाटोनिन हे संप्रेरक रक्तात वाढू लागते. ते शरीराला झोपेसाठी तयार करते आणि त्याच वेळी स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटण्यावर थोडा लगाम घालते. रात्री उपाशी झोपायचे असेल तर ही उत्तम व्यवस्था आहे. पण नेमक्या त्याच वेळी आपण पोळ्या आणि भात पोटात ढकलला, तर साखर येते आणि तिला आत घेणारा दरवाजा अर्धा लोटलेला असतो.

गारौलेत यांच्याच गटाने २०२२ मध्ये ८४५ प्रौढांवर हे थेट तपासले. झोपण्याच्या चार तास आधी आणि एक तास आधी ग्लुकोजचे पाणी देऊन रक्त तपासले. उशिराच्या वेळी रक्तातील मेलाटोनिन साडेतीन पट होते, इन्सुलिन ६.७ टक्क्यांनी कमी आणि साखर ८.३ टक्क्यांनी जास्त. ज्यांच्यात मेलाटोनिनशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार होता, त्यांच्यात हा बिघाड अधिक होता. म्हणजे ‘शेजारचे काका रोज अकराला जेवतात, त्यांना काही होत नाही,’ हे खरेही असू शकते आणि आपल्याला लागू नसेही.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २० निरोगी स्वयंसेवकांना एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला तेच जेवण दिले. झोप दोन्ही वेळा अकराला. दहाच्या जेवणानंतर साखरेची उच्चतम पातळी सुमारे १८ टक्क्यांनी जास्त गेली आणि रात्रभरात जाळली जाणारी चरबी सुमारे १० टक्क्यांनी कमी झाली. हे निरोगी लोक होते. ज्यांचे वजन जास्त आहे किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्यात परिणाम याहून मोठा असण्याची शक्यता संशोधकांनी बोलून दाखवली.

फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक प्रौढांच्या खाण्याच्या नोंदी अनेक वर्षे ठेवणारा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की रात्री नऊनंतर शेवटचे जेवण घेणाऱ्यांमध्ये, आठच्या आधी जेवणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघातासारख्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २८ टक्क्यांनी जास्त दिसला. हा संबंध मुख्यतः स्त्रियांमध्ये आढळला. अशा निरीक्षणातून थेट कारण सिद्ध होत नाही. उशिरा जेवणारे लोक अनेकदा उशिरा झोपतात, ताणात असतात. तरी बाकीच्या प्रयोगांशी हे चित्र जुळते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२२ मध्येच स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये ३० जणांवर काटेकोर प्रयोग झाला. सगळ्यांना तेवढेच मोजलेले अन्न. चार आठवडे सकाळी जास्त, चार आठवडे संध्याकाळी जास्त. वजन दोन्ही वेळा सारखेच कमी झाले. फरक एकच : सकाळी जास्त खाल्ले तेव्हा दिवसभर भूक कमी लागली. म्हणजे लवकर जेवणे ही वजन उतरवण्याची जादू नाही. पण मोजून खायला कुणी समोर बसलेले नसते तेव्हा ही कमी लागणारी भूकच कामाला येते.

मग स्पॅनिश लोक दीर्घायुषी कसे?

इथे एक कोडे आहे. उशिरा जेवणाऱ्या स्पेनचे सरासरी आयुर्मान ८३ वर्षांच्या पुढे आहे, युरोपातील सर्वाधिक आयुर्मानाच्या देशांत त्याची गणना होते. मग उशिराचे जेवण इतके वाईट कसे?

उत्तर त्यांच्या ‘थेना’त आहे. ती उशिरा असते, पण हलकी असते. एखादे ऑम्लेट, सूप, सॅलड, थोडा मासा, पाव, फळ. दिवसाचा भार दुपारच्या ‘कोमिदा’ने उचललेला असतो : आधी डाळ-कडधान्याचा किंवा भाजीचा पदार्थ, मग मासे किंवा मांस, मग फळ. त्यानंतर टेबलावरून न उठता गप्पा मारत बसणे. त्यासाठी त्यांच्याकडे ‘सोब्रेमेसा’ असा खास शब्द आहे. संध्याकाळी पाच-सहाला ‘मेरिएंदा’, म्हणजे मधले खाणे. आणि ऑलिव्ह तेल, भाज्या, पायी फिरण्याची सवय, चांगली सार्वजनिक आरोग्यसेवा या सगळ्यांचा वाटा आहेच.

नॉर्वेचे मुख्य जेवण भरपेट असते, पण ते साडेचारला होते. स्पेनचे रात्रीचे जेवण दहाला होते, पण ते हलके असते. फ्रान्सची वाट तिसरी. तिथे दुपारी एकच्या ठोक्याला जवळजवळ निम्मा देश एकाच वेळी जेवत असतो, संध्याकाळचे जेवण आठच्या आसपास आणि दिवसभरात खाण्यापिण्याला मिळून दोन तासांहून अधिक वेळ. मुलांना चारच्या सुमारास ‘गुते’ मिळते आणि त्यानंतर जेवणापर्यंत तोंड बंद. येता-जाता काहीतरी चघळणे तिथे असंस्कृतपणाचे मानतात.

याच्या अगदी उलट चित्र अमेरिकेचे. ओडिशात वाढलेले आणि आता कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत काम करणारे सच्चिदानंद पांडा यांनी २०१५ मध्ये दीडशेहून अधिक लोकांना तोंडात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचा मोबाइलवर फोटो काढायला सांगितला. निम्म्याहून अधिक लोक दिवसाचे जवळजवळ १५ तास काही ना काही खात-पीत होते. दिवसभरातील उष्मांकांपैकी पावपेक्षा कमी दुपारी बाराच्या आधी आणि एक तृतीयांशाहून अधिक संध्याकाळी सहानंतर. विचारले तर बहुतेक जण ‘आम्ही तीन वेळा जेवतो’ असेच सांगणारे.

आपले ताट आणि आपले घड्याळ

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे शहरी नोकरदार घरातील दिवस साधारण असा असतो : सकाळी चहा-पोहे किंवा नुसताच चहा-बिस्कीट. दुपारी दीडला डब्यातल्या दोन-तीन गार पोळ्या आणि भाजी. संध्याकाळी सहा-सातला वडापाव, फरसाण, चहा. आणि रात्री साडेनऊ-दहाला, सगळे घरी जमल्यावर, पोळी, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर असे चारीठाव जेवण. घरातील सगळी माणसे एकत्र बसण्याची तेवढी एकच वेळ, म्हणून चांगला स्वयंपाकही तेव्हाच. नंतर मोबाइल, मालिका आणि अकरा-साडेअकराला झोप.

म्हणजे आपण नॉर्वेचे भरगच्च ताट उचलले आणि ते स्पेनच्या घड्याळावर ठेवले. उशिरा आणि जड, दोन्ही. वर फ्रान्सची सावकाशी नाही आणि अमेरिकेचे येता-जाता चघळणे आहे. दोन्ही देशांत जे एकमेकांना सांभाळून होते, ते आपल्याकडे सुटे झाले.

हे नेहमीच असे नव्हते. शेतकरी घरात सकाळची न्याहारी भाकरीची असायची, दुपारचे जेवण बांधावर आणि रात्रीचे दिवेलागण झाल्यावर लवकर, कारण रॉकेल जाळून जागायचे कुणी? जैन कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आजही पाळला जातो. कोल्हापूर-सांगलीकडे असे शेजार अनेकांनी पाहिले असतील. त्या नियमामागचा विचार अहिंसेचा आहे, साखरेचा नाही. तरी स्वादुपिंडाला त्याचा फायदा होतोच.

घड्याळाचा स्पेनसारखा थोडा किस्सा आपलाही आहे. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, ती पूर्वेकडच्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर बेतलेली. मुंबई तिथून बरीच पश्चिमेला आहे. इथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी बारा वाजून ३९ मिनिटांनी. मुंबईने १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ जपली होती. पाऊण तासाने फार बिघडत नाही. आपले जेवण दहावर नेले ते प्रमाणवेळेने नव्हे, तर लांबलेल्या प्रवासाने, उशिरा सुटणाऱ्या कचेरीने आणि रात्री आठ ते दहाच्या पडद्याने.

आणि याची किंमत मोठी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. या संख्येला केवळ जेवणाची वेळ जबाबदार आहे असे मुळीच नाही. आनुवंशिकता, बैठे काम, पिठूळ आहार, अपुरी झोप अशी कारणांची रांग आहे. पण रांगेतील बाकीच्यांकडे आपण बोट दाखवतो, वेळेकडे दाखवत नाही.

सगळ्यात उशिरा कोण जेवते?

डोंबिवलीच्या त्या बाईंशी मग अर्धा तास बोललो. पावणेनऊला घरी. हातपाय धुऊन स्वयंपाक. साडेनऊला सासरे, दहाला नवरा आणि मुलगा. गरम पोळी करून वाढायची, म्हणून त्या स्वतः शेवटी. ‘‘पावणेअकरा होतात. ओटा आवरून साडेअकराला पडते. पाचला उठायचे असते.’’

देशोदेशीच्या अभ्यासांत कुटुंबाची जेवणाची वेळ एकच धरलेली असते. आपल्या घरात ती एक नसते. जी स्वयंपाक करते ती सगळ्यात शेवटी जेवते, उरलेला भात संपवते आणि सगळ्यात आधी उठते. मेलाटोनिन वाढलेले असताना सर्वात जड जेवण तिच्या वाट्याला येते. नॉर्वेच्या टेबलावर मी पाहिलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मासा नव्हता. सगळे ताट एकाच वेळी टेबलावर आले होते आणि वाढणारे कुणी उभे नव्हते.

त्या बाईंना ‘आठला जेवा’ सांगण्यात अर्थ नव्हता. जेवण आठवर आणता येत नसेल तर जेवणातला भार हलवायचा, असे आम्ही ठरवले. दुपारच्या डब्यात पोळ्यांबरोबर उसळ आणि दही वाढवले. डबा एकाऐवजी दोन केले. दुसरा छोटा डबा संध्याकाळी सहाला, कचेरीतून निघण्याआधी : एक भाकरी किंवा पोळी आणि भाजी. हे त्यांचे ‘मिद्दाग’. घरी आल्यावर रात्री फक्त वाटीभर मुगाची खिचडी किंवा भाज्यांचे सूप आणि ताक, तेही बाकीच्यांबरोबर बसून. हे त्यांचे ‘थेना’. आणि पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या, गरम पोळीचा हट्ट बंद. या शेवटच्या कलमासाठी मी त्यांच्या नवऱ्याला फोन केला. तो मुकाट्याने ऐकून घेतल्यावर म्हणाला, ‘‘आम्हाला कधी सुचलेच नाही.’’

तीन महिन्यांनी त्यांची सकाळची साखर उतरलेली होती. फार नाही, पण सहा वर्षांत पहिल्यांदा. गोळ्या चालूच होत्या, म्हणून सगळे श्रेय मी वेळेला देणार नाही. छातीतली जळजळ मात्र पूर्ण थांबली होती. त्यात नवल नव्हते. भरल्या पोटी आडवे झाले की आम्ल वर येतेच. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवले की अनेकांची ती गोळी सुटते.

आपल्याला काय करता येईल?

दिवसाचा मोठा घास दुपारी घ्या. डबा हा घाईने उरकण्याचा विधी न मानता ते मुख्य जेवण माना. संध्याकाळी सहा-सातला भूक खरीच लागते, ती फरसाणावर मारू नका, तेव्हा खरे अन्न खा. रात्री उशीर होणारच असेल तर ताट हलके ठेवा. झोपण्याआधी किमान दोन तास, जमल्यास तीन तास, पोटाला मोकळे द्या. सुट्टीच्या दिवशी वेळ फार बदलू नका, कारण अवयवांच्या घड्याळांना रविवार कळत नाही.

जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे चाला. स्नायू हलू लागले की इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ते साखर ओढून घेतात, आणि इन्सुलिन मंदावलेले असते त्या रात्रीच्या वेळी याचा उपयोग अधिक. आपल्या भाषेत यासाठी ‘शतपावली’ असा सुरेख शब्द आहे. शब्द राहिला, चालणे गेले.

परिचारिका, पोलीस, सुरक्षारक्षक, कारखान्यातील रात्रपाळीचे कामगार यांचा प्रश्न वेगळा आहे. २०२१ च्या एका प्रयोगात रात्रपाळीसारखे जागवलेल्या लोकांना रात्रीही जेवण दिले, तेव्हा त्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी रात्री जागूनही फक्त दिवसा जेवण घेतले, त्यांची वाढली नाही. म्हणून पाळीवर जाण्याआधी नीट जेवावे, मध्यरात्री शक्यतो थोडेच खावे आणि सकाळी घरी आल्यावर न्याहारी करावी.

एक महत्त्वाची सूचना. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे वाचून आज रात्रीचे जेवण परस्पर कमी करू नये. औषधाची मात्रा तीच ठेवून ताट हलके केले तर मध्यरात्री साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. आधी डॉक्टरांशी बोला, मात्रा आणि वेळा जुळवून घ्या. गरोदर स्त्रिया, वाढीची मुले आणि अशक्त वृद्ध यांच्यासाठीही नियम वेगळे असतात.

ऑस्लोहून निघायच्या आदल्या दिवशी आम्ही त्या शेजाऱ्यांना परत जेवायला बोलावले. भाचेसुनेने पुरणपोळी केली होती. वेळ कोणती ठेवायची यावर घरात बरीच चर्चा झाली आणि पाच वाजता असे ठरले. ते मनापासून जेवले, आम्हीही त्यांच्याबरोबर जेवलो. मग सगळे मिळून दीड तास टेकडीवर फिरून आलो. रात्री दहाला, अजून उजेड असतानाच, पडदे ओढून मी झोपलो तेव्हा पोट हलके होते. पुरणपोळी खाऊन असे झाल्याचे मला पूर्वीचे आठवत नाही.

माझ्या दवाखान्यातला तो छापील कागद मी आता बदलला आहे. ‘रात्रीचे जेवण ८ वाजता’ ही ओळ काढली. त्या जागी रिकामी रेघ आहे आणि तिच्याआधी दोन प्रश्न : तुम्ही घरी किती वाजता पोहोचता? आणि घरात सगळ्यात शेवटी कोण जेवते?